वाटाणा, आगकाड्या आणि पाच सेकंद

गेल्या दिवाळीत या सदरात मी अक्षरांच्या वळणांबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर वर्षभर मंडळाच्या कार्यक्रमांत, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न आले ते मात्र हलणाऱ्या अक्षरांबद्दलचे होते. "मुलगी ए-लेव्हलला आहे, तिला मोशन ग्राफिक्स करायचंय, त्यात पुढे काय?" हा एका आईचा प्रश्न. नाशिकहून एक आजोबा विचारत होते, "नातू दिवसभर स्क्रीनवर चौकोन सरकवत बसतो, याला शिक्षण म्हणायचं का?" आणि सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

आजोबांना आधी उत्तर देते. हो, म्हणायचं. तो चौकोन का सरकवतोय हे त्याला सांगता येत असेल तर नक्कीच.

मोशन ग्राफिक्स म्हणजे हलणारं डिझाइन. कार्टूनमध्ये ससा पळतो, उंदीर मांजराला चकवतो. तिथे पात्रं असतात, गोष्ट असते. इथे हलतात ती अक्षरं, आकार, रंग आणि आकडे. निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर वर चढत जाणारे पक्षांचे स्तंभ, बँकेच्या ॲपमध्ये पैसे गेले की उमटणारी हिरवी खूण, सिनेमाची श्रेयनामावली, स्टेशनवरच्या फलकांवरच्या जाहिराती, हे सगळं त्यातच येतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जे पोस्टर छापलं जायचं ते आता पडद्यावर सहा सेकंद हलतं, आणि ज्यांनी पोस्टर करण्यात हयात घालवली त्यांना ते हलवायला शिकावं लागतंय. मीही त्यातलीच.

सॉफ्टवेअरबद्दल इतकंच सांगते: आफ्टर इफेक्ट्स बहुतेक ठिकाणी चालतं आणि त्याचं दर महिन्याला भाडं भरावं लागतं, ब्लेंडर फुकट मिळतं. दोन्हींत एक चौकोन इकडून तिकडे न्यायला अर्ध्या तासात शिकता येतं. अवघड पुढचं आहे. त्या चौकोनानं का जावं, किती वेळात जावं, आणि तो गेल्यावर मागे उरलेल्या रिकाम्या जागेचं काय करावं? याची उत्तरं कुठल्याच मेनूत नसतात. ती डिझाइनच्या जुन्या, पहिल्या वर्षाला शिकवल्या जाणाऱ्या धड्यांत असतात: समतोल, विरोध, जवळीक, लय, प्रमाण, मोकळी जागा, एकता. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एकच गृहपाठ देते. एक तत्त्व घ्यायचं, फक्त काळे-पांढरे साधे आकार वापरायचे, आणि ते तत्त्व पाच सेकंदांत हलवून दाखवायचं. शब्द नाहीत, संगीत नाही. इथे आणि भारतातही टीव्हीसाठी सेकंदाला पंचवीस चित्रं धरतात, म्हणजे पाच सेकंदांची एकूण एकशे पंचवीस. या मापात फसवाफसवीला फारशी जागा नाही.

ही पद्धत माझी नाही. आपल्याकडे ती फार जुनी आहे, आणि तिचा एक धागा इंग्लंडमधूनच जातो.

1912च्या फेब्रुवारीत धुंडिराज गोविंद फाळके लंडनला आले. 'राजा हरिश्चंद्र'मुळे आपण त्यांना दादासाहेब म्हणून ओळखतो, पण तोवर त्यांचं आयुष्य स्थिर चित्रात गेलं होतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, मग फोटोग्राफी, लिथोग्राफी, लोणावळ्याचा छापखाना. चाळिशी उलटलेला हा मुद्रक 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटला आणि त्यांच्या ओळखीनं सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन-ऑन-थेम्सच्या स्टुडिओत पोचला. सरेमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या अगदी अंगणातली ही जागा. तिथे काम पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन, एप्रिलच्या सुरुवातीला ते मुंबईला परतलेसुद्धा.

आणि परतल्यावर त्यांनी काय चित्रित केलं? राजा नाही, राणी नाही. कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर लावून ठेवला. महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं चित्रित करून, बी फुटून वेल होईपर्यंतचा प्रवास जेमतेम मिनिटाच्या फिल्मवर आणला. 'अंकुराची वाढ' म्हणून ती ओळखली जाते. दिवसाला एकच चित्र घेतलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण हिशेब करून पाहा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रं जायची. महिन्याची तीस चित्रं म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. त्यांनी नक्कीच दिवसाला बरीच जास्त चित्रं घेतली असणार. तो हिशेब त्यांनी कागदावर कसा मांडला असेल ते पाहायला मला फार आवडलं असतं.

ही फिल्म त्यांनी हौसेखातर केली नव्हती. सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते, आणि हा माणूस काय म्हणतोय ते कुणाला पटत नव्हतं. बोलून पटवण्याऐवजी त्यांनी दाखवलं. आजच्या भाषेत तो त्यांचा पोर्टफोलिओ होता: एक रोप, एक कल्पना, एक मिनिट. पुढे 1915च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात आगकाड्या एकेक चित्र घेत हलवल्या होत्या. ती फिल्म आज उरलेली नाही. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या आर्थर मेलबर्न-कूपर यांनीही आगकाड्यांची अशीच एक छोटी फिल्म केली होती. ती 1899ची की 1914ची यावर इतिहासकार अजून भांडतात. वाद चालू दे. मला गंमत वाटते ती वस्तूची. आगकाडी म्हणजे एक रेघ आणि एक ठिपका. डिझाइनच्या पहिल्या तासाला फळ्यावर काढतात तेच.

नुसत्या रेघेवर किती भागतं हे पाहायचं असेल तर नॉर्मन मॅकलॅरन यांच्या फिल्म्स शोधा. ते स्टर्लिंगचे, ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, पुढे कॅनडात गेले. 1960 साली त्यांनी एव्हलिन लॅम्बार्ट यांच्याबरोबर 'लाइन्स व्हर्टिकल' केली. पडद्यावर फक्त उभ्या रेघा, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, जवळ येतात, दूर जातात. दोन वर्षांनी तीच हालचाल नव्वद अंशांत आडवी करून 'लाइन्स हॉरिझॉन्टल' आली. काही बदललं नाही आणि सगळंच बदललं. उभ्या रेघा आपण खांबांसारख्या किंवा दोऱ्यांसारख्या पाहतो. आडव्या झाल्या की लगेच क्षितिज दिसायला लागतं, वर-खाली जड-हलकं वाटायला लागतं. दिशा या एका गोष्टीवर मी आठवडाभर बोलले असते तरी इतकं समजावता आलं नसतं.

आता गृहपाठाबद्दल थोडं, म्हणजे घरी करून पाहता येईल.

समतोल घ्या. डावीकडे एक मोठं वर्तुळ, उजवीकडे तीन छोटी. मोठं वर्तुळ मध्याकडे सरकलं की छोट्यांनी काय करायचं? स्थिर चित्रात समतोल एकदाच साधायचा असतो, इथे तो प्रत्येक क्षणी मोडतो आणि पुन्हा साधावा लागतो. तराजूच्या पारड्यांसारखं.

जवळीक हा माझा आवडता धडा. कागदावर सहा ठिपके सारख्या अंतरावर असले तर ते सहाच. दोन जवळ आणले की डोळा लगेच त्यांची जोडी लावतो. पण ते हलायला लागले की वेगळंच घडतं. लांब लांब असलेले तीन ठिपके एकाच वेळी, एकाच दिशेला निघाले तर ते एका घरचे वाटतात, शेजारचा स्थिर ठिपका मात्र परका. माक्स वेर्थहाइमर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1923 साली हे मांडलं. आपण ते लेझीमच्या पथकात कायम पाहतो: गर्दीत कोण कुठे उभं आहे ते कळत नाही, पण जे एकदम वाकतात ते एका पथकाचे. हा धडा छापील डिझाइनमध्ये शिकताच येत नाही.

आणि वेग. नवशिक्याचा चौकोन एकसारख्या गतीनं येतो आणि भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो. एसटी स्टँडवरून कशी निघते आठवा: आधी धक्का, मग हळूहळू वेग, आणि पुढचा थांबा आला की आधीपासून मंदावत जाते. वजन असलेली वस्तू अशीच वागते. सुरुवातीला आणि शेवटी चित्रं दाट, मध्ये विरळ, एवढं केलं की निर्जीव चौकोनाला वजन येतं.

सगळ्यांत जास्त मोडला जाणारा नियम प्राधान्याचा. जे हलतं तिकडे डोळा आधी जातो. त्यामुळे सगळंच हललं की डोळा कुठेच जात नाही. आपल्या मंडळांची दिवाळीची व्हिडिओ-निमंत्रणं आठवा (नाव कुणाचंच घेत नाही, सगळीच सारखी असतात). पणत्या फिरताहेत, फटाके उडताहेत, तोरण झुलतंय, अक्षरं चमकताहेत. तीनदा पाहूनही कार्यक्रम शनिवारी की रविवारी ते कळत नाही. सगळं थांबवा आणि फक्त तारीख हलू द्या.

या उलटचा नमुना इथल्या टीव्हीवर होता. 2 नोव्हेंबर 1982 रोजी चॅनेल फोर सुरू झालं तेव्हा त्याचं चिन्ह मार्टिन लॅम्बी-नेर्न यांनी केलं होतं. रंगीत ठोकळे चारी दिशांनी तरंगत येतात आणि 4 हा आकडा बनतो. कॉम्प्युटरवर ते करवून घ्यायला तेव्हा अमेरिकेपर्यंत जावं लागलं होतं. आज शाळकरी मुलगा लॅपटॉपवर तसं करू शकेल. पण वेगवेगळ्या ठिकाणचे कार्यक्रम गोळा करून दाखवणारी वाहिनी आणि वेगवेगळीकडून येऊन जुळणारे तुकडे, ही सांगड लॅपटॉप घालून देत नाही.

तुकडे जुळण्यावरून आठवलं. माझ्या वयाच्या सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिलेली 'एक अनेक और एकता' ही फिल्म 1974ची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसेन यांची. विजयाताई मुंबईत वाढल्या आणि चाळीसच्या दशकात शिक्षणशास्त्र शिकायला लीड्स विद्यापीठात आल्या होत्या. एकता हे डिझाइनच्या पुस्तकातलं शेवटचं आणि सगळ्यांत कोरडं प्रकरण असतं. ते चिमण्या आणि जाळं घेऊन लहान मुलांना इतक्या सहज समजावता येतं, हे शिकवणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा पाहावं.

आमच्या रविवारच्या गटात एक मैत्रीण आहे, स्लाउची. पुण्यात कमर्शिअल आर्ट शिकलेली, जाहिरात कंपनीत सहा वर्षं काम केलेली, मग लग्न, परदेश, दोन मुलं आणि अकरा वर्षांची खंडित नोकरी. प्रत्येक जाहिरातीत 'मोशन येत असल्यास प्राधान्य' असं दिसायचं. घरच्यांचं म्हणणं होतं, आता या वयात पंचविशीच्या पोरांशी स्पर्धा कशाला, दुसरं काही बघ. तिनं सात तत्त्वांचे सात तुकडे केले, एकूण पस्तीस सेकंद, काळे-पांढरे. चार महिने लागले, कारण काम रात्री दहानंतरच. मुलाखतीत त्या लोकांनी तिला अकरा वर्षांबद्दल विचारलं नाही. ठिपक्यांचा तुकडा तीनदा लावला आणि विचारलं, चौथा ठिपका उशिरा का निघतो? तिच्याकडे उत्तर होतं. सध्या तीन महिन्यांचं काम मिळालंय. पुढचं पुढे.

आता एक खास आपली अडचण, जी इंग्रजी धड्यांत सापडणार नाही. अक्षरं एकेक करून आणायची तयार सोय रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. आपण 'निमंत्रण' या शब्दात चार अक्षरं मोजतो. कॉम्प्युटर आठ तुकडे मोजतो, त्यात वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, हलन्तही वेगळा. शिवाय पहिली वेलांटी डोळ्याला 'न'च्या आधी दिसते पण साठवलेली असते नंतर. परिणाम असा की सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर वेलांटी एकटीच उडत येते आणि त्र चे तुकडे होतात. काही सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, ती आधी करा. तरीही अक्षरवार हालचाल हवी असेल तर शब्दाचे आकार करून घ्या आणि चार अक्षरांचे चार गट स्वतः बांधा. शिरोरेघ तोडून वेगळी ठेवा. आपण हातानं लिहितो तेव्हा रेघ शेवटी ओढतो. पडद्यावरही अक्षरं आधी येऊ द्या आणि मग एका झटक्यात डावीकडून उजवीकडे रेघ. आठ-दहा चित्रं पुरतात.

रांगोळीचंही तसंच. पूर्ण रांगोळी फिरवत आणू नका. आधी ठिपके, मग रेघा, काढणारीचा हात ज्या क्रमानं जातो त्याच क्रमानं. रंग शेवटी.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारपासून आमचा गट पुन्हा बसणार आहे, दुपारी दोन ते चार. पहिले दोन आठवडे कॉम्प्युटर आणायचा नाही. फोन, तो स्थिर ठेवायला काहीतरी, आणि आगकाड्यांची एक पेटी पुरे. मुलं बरोबर असतील तर आगकाड्यांची गुलं आधी कापून टाका.