‘माझ्याकडे चालते’ हा पुरावा नव्हे



परीक्षेच्या तयारीसाठी लातूर आणि नांदेड साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. ‘लातूर पॅटर्न’चे मर्म काय? अभ्यास झाला की चाचणी, चूक सापडली की दुरुस्ती, आणि पुन्हा चाचणी. या पॅटर्नशी ज्यांचे नाव जोडले जाते ते प्राचार्य जनार्दन वाघमारे १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. चाचणीची सवय आपल्याला नवी नाही. मग संगणकाच्या तासालाच ती का विसरावी?

आपण लिहिलेली आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, आपल्या संगणकावर चालली की आपण खूश होतो. शेजारच्या संगणकावर मात्र ती अडते. का बरे? आपल्या यंत्रावरील एखाद्या जादा फाइलच्या आधारावर ती उभी असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. प्रयोग दुसऱ्याच्या हातूनही यशस्वी झाला, तरच विज्ञान तो मानते. आज्ञावलीलाही हाच नियम लावायला हवा.

हे तपासणारा तिऱ्हाईत म्हणजे बिल्ड सर्व्हर. कोणीही बदल केला की तो आज्ञावलीची ताजी प्रत घेतो, तिची बांधणी करतो, चाचण्या चालवतो आणि निकाल सांगतो. कोहसुके कावागुची यांनी २००४ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना यासाठी ‘हडसन’ लिहायला घेतले. त्यातूनच २०११ मध्ये ‘जेन्किन्स’ हे नाव पुढे आले. ते विनामूल्य मिळते.

चार गिगाबाइट स्मृतीच्या जुन्या संगणकावरही सरावापुरते ते चालते. लिनक्सवर आधी जावा बसवावे, मग जेन्किन्स बसवून त्याची सेवा सुरू करावी. वीज जाऊन आल्यावर संगणकाबरोबर ती आपोआप सुरू व्हावी, अशीही आज्ञा द्यावी. आता ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा पत्ता व ८०८० हा पोर्ट क्रमांक टाका. जेन्किन्स परवलीचा शब्द विचारेल. तो त्यानेच डिस्कवरील एका फाइलीत लिहून ठेवलेला असतो. ती फाइल यंत्राच्या व्यवस्थापकालाच वाचता येते, म्हणून परक्याला दार उघडत नाही. तरीही हा सर्व्हर प्रयोगशाळेच्या जाळ्यापुरताच ठेवावा.

शिक्षक म्हणतील, ‘याला परीक्षेत गुण कुठे आहेत?’ नाहीत, आणि म्हणूनच ते करावे असे आमचे मत आहे. परीक्षेत चूक झाली की गुण जातात, म्हणून मुले चूक लपवायला शिकतात. इथे चूक तत्काळ दिसते, दुरुस्त होते आणि कोणाचा क्रमांक घसरत नाही.

गुरुजनांना विनंती एवढीच, की प्रयोगशाळेतला एक जुना संगणक बाजूला काढा आणि लिनक्सपासून सर्व काही मुलांनाच बसवू द्या. लिनक्सचे पाठ आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने मराठीतूनही केले आहेत. पहिल्या दिवशी सर्व्हर सुरू झाला नाही, तर तो का झाला नाही हे शोधणे हाच त्या दिवसाचा धडा समजा.