मोटारीची तहान आणि सुप्याची घागर

पेट्रोलांत शेंकडा वीस भाग इथेनॉल घालण्याचें काम सरकारनें इ. स. २०२५ सालीं पुरें केलें. २०१८ च्या जैवइंधन धोरणांत ह्या कामाला २०३० ची मुदत होती. ती पांच वर्षें अलीकडे ओढली. तेव्हांपासून शहरांतील मोटारवाल्यांनीं ओरड चालविली आहे कीं, गाडी लिटरमागें कमी धांवते. त्यांची तक्रार त्यांनीं करावी. आम्हां बारामती-इंदापूरच्या लोकांना निराळाच सवाल विचारावयाचा आहे. हें इंधन ज्या पाण्यावर पिकतें तें पाणी कोणाचें, आणि त्याचा पैसा कोणाच्या पदरांत पडतो?

इथेनॉल हें मुळांतच पाप आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. २०१९ पासून साखरेचा किमान विक्री दर किलोस ३१ रुपये ठरला आणि २०२५ सरेपर्यंत तो हालला नाहीं. त्याच काळांत उसाची एफआरपी टनास २७५० रुपयांवरून ३५५० वर गेली. मधली तूट कारखान्यानें कोठून भरावी? मळीपासून इथेनॉल निघालें, तेल कंपन्यांनीं तें घेतलें, म्हणून पुष्कळ कारखान्यांचीं दारें उघडीं राहिलीं. हें खरें तें खरें म्हटलें पाहिजे. परंतु ज्या सरकारनें कारखान्यांना कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारावयास लावलें, त्याच सरकारनें ७ डिसेंबर २०२३ रोजीं उसाच्या रसापासून इथेनॉल करूं नये असा हुकूम सोडला, आठवड्यानें तो सैल केला आणि पुढच्या हंगामासाठीं उठविला. शेतकऱ्याचें पोट असल्या हुकुमांच्या दोरीवर टांगलेलें आहे.

आतां पाण्याकडे वळूं. नीरा डावा कालवा कशासाठीं खणला, हें आज किती जणांना ठाऊक आहे? १८७६-७७ च्या दुष्काळांत उपाशी माणसांना काम मिळावें, आणि पुन्हां तसा काळ आला तर जोंधळा तगावा, म्हणून हें काम हातीं घेतलें. पुढें उसाची पाणीपट्टी चांगली येते असें दिसूं लागलें, आणि कालवा जोंधळ्याचा होता तो उसाचा झाला. अति पाण्यानें नीरेकाठच्या जमिनी इतक्या फुगल्या कीं, १९१० सालीं शेतकी खात्याचे हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांना नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. त्याला शंभरांवर वर्षें लोटलीं. पाटाचें पाणी मोकाट सोडण्याची खोड कांहीं अजून समूळ गेली नाहीं. ठिबकवाला शेतकरी शहाणा खरा, पण त्याचा बांध ओलांडला कीं पलीकडे पाट वाहतोच आहे.

त्याच बारामती तालुक्यांत सुपें आहे. १२ मे १८७५ रोजीं येथल्या रयतेनें सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं, ती हकीकत सर्व देशभर गाजली. कालव्याची ओल त्या बाजूस पोंचली नाहीं. जनाई-शिरसाईच्या उपसा पाण्याची वाट पाहण्यांत तिकडच्या पिढ्या गेल्या. इंदापुरांत कालव्याच्या शेंपटाकडील गांवें आवर्तन लांबलें कीं डोक्याला हात लावतात. त्यांच्यासाठीं लाकडी-निंबोडीची योजना निघाली, तर २०२२ त सोलापूरकर उजनीच्या पाण्यासाठीं रस्त्यावर उतरले. गरीब गरिबाशीं भांडतो तो असा. बरें, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं सरकारनें जे चाळीस तालुके दुष्काळी ठरविले, त्यांत बारामतीहि होती आणि इंदापूरहि. ज्या तालुक्यांतून मोटारींचें इंधन निघतें ते हे तालुके!

हिशेब सरकारचाच घ्या. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल काढण्यास सुमारें २८६० लिटर पाणी लागतें असें म्हटलें आहे. चाळीस लिटरांच्या टाकींत आठ लिटर इथेनॉल. म्हणजे मोटारीची एक टाकी भरली कीं जवळजवळ तेवीस हजार लिटर पाणी, दहा हजारी टँकर दोन भरून उरे इतकें. मळीच्या इथेनॉलावर सगळें पाणी मांडणें न्यायाचें नव्हे, कारण ऊस साखरेसाठीं लागलेलाच असतो. परंतु रसच थेट भट्टींत जावयाचा असेल, तर हा आंकडा टाळतां येत नाहीं.

उसाऐवजीं मका घ्यावा, असें कोणी म्हणतील. मक्याच्या इथेनॉलास लिटरमागें ७१ रुपये ८६ पैसे दर दिला तेव्हां मका वधारला आणि कोंबड्या-गाई पाळणारे रडूं लागले. मग सरकारी कोठारांतला तांदूळ २२५० रुपये क्विंटलनें डिस्टिलऱ्यांना मोकळा केला, आणि २०२५ च्या सुगींत हमीभाव २४०० असतां मका त्याहून पुष्कळ खालीं विकला गेला. दोन्ही वेळां मेला तो शेतकरीच.

राहिला पैसा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्यानें साखर, बगॅस, मळी व प्रेसमड यांच्या उत्पन्नांतून शेंकडा ७० वांटा ऊसवाल्याचा. पण मळीपासून पुढें जें इथेनॉल होतें, त्याचा नफा ह्या वांटणीबाहेर! म्हशीच्या धन्यास दुधाचा भाव द्यावयाचा आणि तुपाचा हिशेब दाखवावयाचा नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. पूर्वीं आमचे लोक शेटजी-भटजींच्या वहीला भीत असत. आज कारखान्याची वही आपल्याच भाऊबंदांच्या हातीं आहे, म्हणून ती उघडून पाहण्याची लाज वाटावी काय?

शेतकरी बंधूंनो, कारखान्याच्या वार्षिक सभेंत चहा-लाडू घेऊन परत येऊं नका. इथेनॉल किती लिटर गेलें, कोणत्या भावानें गेलें, त्यांतून टनामागें सभासदास काय मिळालें, हे तीन प्रश्न आधीं लिहून द्या. चौथा प्रश्न पाटबंधारे खात्यास विचारावा: उन्हाळी आवर्तनांत पिण्याचें पाणी व शेंपटाकडील गांवें आधीं, कीं ऊस आधीं? उत्तरें तोंडी नकोत, सहीशिक्क्यानिशीं घ्यावींत.