शेकडा पंचवीस नफा

गेल्या दिवाळीत आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. फेटे बांधले, गुरुजींच्या पाया पडलो, मग भाषणं सुरू झाली. जो उठेल तो एकच सांगे, "गुरुजींनी हाणलं म्हणून आम्ही घडलो!" टाळ्या पडत होत्या. मी गप्प होतो. कारण ज्यानं सगळ्यात जास्त मार खाल्ला, तो मेळाव्याला आलाच नव्हता.

१९८३ साल. आम्ही सातवीत. तो माझ्या शेजारी बसायचा. बाप नव्हता, आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. बाजारादिवशी तो तालुक्याहून लिमलेटच्या शंभर गोळ्यांचं पाकीट चार रुपयांना आणी आणि मधल्या सुट्टीत पाच पैशाला एक विकी. पाकिटामागं रुपाया सुटायचा. त्यातनं वही, रिफिल.

मी वर्गाचा मॉनिटर. एकदा उधार गोळी मागितली. "धंद्यात दोस्ती न्हाई," म्हणाला. मी सरळ जाऊन गुरुजींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर त्याला उभं केलं. निरगुडीची ओली फोक. "शाळा हाय का बाजार?" तो एवढंच म्हणाला, "गुर्जी, वही घ्यायची व्हती." आणखी चार बसल्या. गोळ्या ऑफिसातल्या कपाटात गेल्या, त्या परत दिसल्या नाहीत.

त्या आठवड्यात फळ्यावर नफा-तोट्याची गणितं चालली होती. चार रुपयांची वस्तू पाचला विकली तर शेकडा नफा किती? उत्तर ज्याला तोंडपाठ होतं, तो बाहेर व्हरांड्यात अंगठे धरून ओणवा होता. त्यानंतर तो शाळेत आला नाही. विचारायलाही कुणी गेलं नाही. मीसुद्धा.

ऑफिसात कर्मवीर भाऊराव पाटलांची तसबीर होती. 'कमवा आणि शिका' म्हणत त्यांनी गरिबाच्या पोरांना कामातून शिकवलं. तिला आम्ही जयंतीला हार घालायचो. त्याच वर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचे झेंडे आम्हा पोरांनाच गावभर विकायला लावले आणि ज्यानं जास्त विकले त्याची पाठ थोपटली. म्हणजे शाळेनं सांगून विकलं तर देशसेवा, वहीसाठी विकलं तर गुन्हा!

शाळेत दुकान नको, हे मलाही पटतं. आज एक गोळ्या विकेल, उद्या दुसरा मटक्याचे आकडे आणील. पण मग 'बाळा, फाटकाबाहेर विक' म्हणता आलं असतं. 'का विकतोस?' हे विचारायला तर काहीच लागत नव्हतं. शिस्त लावायची तर आधी पोराचं घर माहीत पाहिजे.

आता कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मारही बंद केला आणि मानसिक छळही. तरी आमच्या पिढीला त्या फोकेचं कौतुक सुटत नाही. मारानं घडलो म्हणणारे आपण उरलेले आहोत. जे गेले त्यांची साक्ष कुणी काढली?

म्हणून सांगतो, पुढच्या मेळाव्याला जुना हजेरीपट बाहेर काढा. मध्येच तांबड्या शाईनं कापलेली नावं आधी वाचा, फेटे मग बांधू. त्यातलं एक नाव माझ्या चुगलीनं कापलं गेलंय. ते मी वाचीन.