सोबत कोण आहे?

डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी मुरूडला जायचं आम्ही चौघी शिक्षिकांनी ठरवलं. पनवेलहून पेण, अलिबाग, रेवदंडा, काशीद करत एसटीने मुरूड. शनिवारची संध्याकाळ किनाऱ्यावर. रविवारी गर्दी व्हायच्या आत राजपुरीहून होडीने जंजिरा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून थंडीचे दिवस निवडले. इतका साधा बेत.

खोलीसाठी फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न, "सोबत जेन्ट्स कोण आहेत?" कोणी नाही म्हटल्यावर, "बघून सांगतो." त्याचा फोन काही आला नाही. दुसरीकडे खोल्या मिळाल्या. त्या माणसावर मी फार रागावले नाही, कारण हाच प्रश्न आमच्या घराघरांत आधी विचारून झाला होता. एकीला जावेने विचारलं, "तिकडे कुणाचं लग्न आहे का?" दुसरीला शेजारणीने, "कुठल्या दर्ग्याला निघालात?"

आपल्या बायका प्रवास खूप करतात. लग्न, मय्यत, लेकीचं बाळंतपण, जियारत, मुलाची परीक्षा, यासाठी रात्रीच्या एसटीनेसुद्धा जातात. तेव्हा कुणी अडवत नाही. पण नुसता समुद्र बघायला जायचं म्हटलं की कारण द्यावं लागतं. बाईचं दमणं दिसतं, तिची हौस मात्र खुपते.

गंमत म्हणजे आम्ही जंजिऱ्याला निघालो होतो. याच संस्थानच्या नवाबांच्या बेगम नाझली आणि त्यांच्या बहीण अतिया फैजी. 1906 साली अतिया शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. आपल्या बीएडसारखंच म्हणा ना! तिथून त्यांनी पाठवलेली रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू पत्रिकेत छापून आली. 1908 मध्ये दोघी बहिणी युरोप फिरल्या आणि नाझली बेगमनी त्याचं प्रवासवर्णन उर्दूत लिहिलं. त्या दौऱ्यात नवाब सोबत होते, हे खरं. पण पाहिलं आणि लिहिलं ते या बायकांनी.

कुणी म्हणेल, त्या बेगमा, तुम्ही मास्तरणी. कबूल. म्हणूनच आम्ही लंडनऐवजी मुरूड धरलं, तेही स्वतःच्या पगारातून. दोन दिवस घरातल्या पुरुषांनी डाळ-भात शिजवला तर घर मोडत नाही.

घरी मला धास्ती होती ती सासूबाईंची. त्यांचं माहेर मुरूड तालुक्यातलं. बेत ऐकून बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लहानपणापासून किल्ला लांबूनच बघितला गो. आत कधी गेले नाही. अब्बा भावांना नेत. आम्हाला म्हणत, पुढच्या वेळी."

ती पुढची वेळ सत्तरी आली तरी आली नाही. मी म्हटलं, "अम्मी, चला आमच्यासोबत." गुडघ्यांचं निमित्त सांगून त्यांनी आधी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच विचारलं, "किल्ल्यात गोड्या पाण्याचं तळं आहे म्हणतात, खरं काय?"

आता आम्ही पाचजणी आहोत. तुमच्या घरातही अशी एक 'पुढची वेळ' अडकून पडली असेल. तिला एकदा विचारा. आणि ती हो म्हणाली, तर सोबत कोण आहे, हे विचारू नका.