भिक्खू म्हणजे पुरोहित नव्हे!

इंग्रजीत 'प्रीस्ट' आणि 'मंक' असे दोन शब्द आहेत. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या समाजबांधवांची मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात आणि भन्तेजींविषयी 'बुद्धिस्ट प्रीस्ट' असे सहज लिहून जातात. हा केवळ भाषेचा प्रश्न आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही.

'प्रीस्ट' म्हणजे पुरोहित, देव आणि माणूस यांच्यामध्ये उभा राहून विधी करणारा मध्यस्थ. 'मंक' म्हणजे घरदार सोडून नियमाने जगणारा. त्याच्या मुळाशी 'एकटा' असा ग्रीक अर्थ आहे. भिक्खू संघात राहतो, म्हणून तोही शब्द नेमका नाही. पण निदान जवळचा आहे. पुरोहिताचा अधिकार विधीतून येतो, भिक्खूचा शीलातून.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा फरक स्पष्ट केला आहे. ब्राह्मणपण जन्माने मिळते, भिक्खूपण मिळवावे लागते. ईश्वर आणि आत्मा न मानणाऱ्या भिक्खूकडे जन्म, लग्न, मृत्यूच्या विधींचे काम नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतल्यावर लाखो अनुयायांना बाबासाहेबांनी स्वतः, म्हणजे एका उपासकाने, दीक्षा दिली. मध्यस्थाची गरज नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

लग्न-नामकरणाच्या संस्कारांसाठी १९५५ साली बाबासाहेबांनीच स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य आहेत. ते शिबिरात शिकून तयार झालेले, तुमच्या-आमच्यातलेच गृहस्थ आहेत. तरीही अनेक घरांत गृहप्रवेशाला, नव्या गाडीला भन्तेजींना बोलावून मनगटावर दोरा बांधून घेतला जातो आणि दानाचे पाकीट दक्षिणेसारखे पुढे केले जाते. दोष चिवराचा नाही. धम्म विचारायचे सोडून मुहूर्त विचारणाऱ्या उपासकांचा आहे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. २५ डिसेंबर १९५४ रोजी याच पट्ट्यातील देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तारीख एकच, विचारही एकच. जन्माने आणि विधीने मिळणारी पुरोहितशाही जाळून टाकायची आणि तिच्या जागी प्रज्ञा, शील, करुणा आणायची. देहूरोडला दरवर्षी वंदनेला जाणाऱ्यांनीच घरी तीच पुरोहितशाही चिवरात आणावी काय?

म्हणून मुलांच्या वहीतला 'प्रीस्ट' खोडून 'मंक' लिहा आणि त्यांना कारणही सांगा. संस्काराला बौद्धाचार्यांना बोलवा. वर्षावासात भन्तेजींसमोर बसून धम्म समजून घ्या, प्रश्न विचारा. भिक्खूंचा खरा सन्मान यातच आहे. जयभीम!