तारे नसलेलं आकाश

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव हॉस्टेलवर आता बऱ्याच जणांच्या कानावर आलंय. ज्यांच्या आलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच रिकामटेकडी डोकी. एक जण सूत्रधार, तो जग उभं करतो. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात आणि काय करायचं ते सांगतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यानंतर त्यासाठी ढीगभर जगं रचली गेली, पण बरीचशी एकाच साच्यातली. किल्ला, सरदार, टोकदार कानांचे एल्फ आणि खजिन्यावर बसलेला ड्रॅगन.

'टेकुमेल' या साच्यात बसत नाही, आणि म्हणूनच ते फारसं कुणाला माहीत नाही. १९७५ साली टीएसआर या त्याच कंपनीने ते 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या नावाने काढलं. कर्ता एम. ए. आर. बार्कर, मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवणारा प्राध्यापक. भारत, इजिप्त, माया आणि अ‍ॅझटेक संस्कृती यांचं खत त्याने या जगाला घातलं.

गोष्ट अशी. अंतराळयुगातली माणसं एका परक्या ग्रहावर वस्ती करतात. तिथल्या मूळ रहिवाशांना कोपऱ्यात ढकलतात. मग एक दिवस हा ग्रह आपल्या सूर्यासकट विश्वातून तुटून वेगळाच पडतो. आकाशातले तारे गायब! बाहेरून येणारी यानं बंद, धातूंची टंचाई. हजारो वर्षांनी तिथे साम्राज्यं आहेत, पण तलवारी आणि चिलखतं 'च्लेन' नावाच्या जनावराच्या कातड्यावर प्रक्रिया करून बनवतात. जुनी यंत्रं अजून सापडतात. ती चालवता येतात, पण नवीन बनवता येत नाहीत. आपल्यासारख्यांनी यावर जरा थांबून विचार करावा. लॅबमधलं किती काही आपण बटण दाबून वापरतो आणि त्याच्या आत काय चाललंय ते किती जणांना सांगता येईल?

पहिल्या आवृत्तीत तुमचं पात्र परदेशी असतं, नुकतंच बोटीतून जकाल्ला बंदरात उतरलेलं. रीतभात माहीत नाही, भाषा माहीत नाही, आणि भलत्या माणसाशी भलतं बोललात तर थेट सुळावर. फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथल्या भाषेत 'तू'साठी डझनावारी रूपं आहेत, समोरच्याच्या दर्जाप्रमाणे. कॉन्व्हेंटमध्ये मी चौदा वर्षं सगळ्यांना एकाच 'यू'मध्ये बसवलं, पण घरी तू, तुम्ही, आपण यांची कसरत चालूच होती. त्यामुळे ही कल्पना वाचताना मला तरी ती परकी वाटली नाही. देव वीस आहेत, निम्मे स्थैर्याचे, निम्मे बदलाचे. 'चांगले विरुद्ध वाईट' असा सोपा हिशेब नाही. आपल्या कुळाला शोभेल असं वागलात का, हा खरा प्रश्न.

आता कडू भाग. बार्कर २०१२ साली वारला. २०२२ मध्ये त्याच्या जगाचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननेच जाहीर केलं की १९९१ साली टोपणनावाने आलेली 'सर्पंट्स वॉक' ही नाझींची तरफदारी करणारी कादंबरी त्याचीच होती. ज्यूंचा नरसंहार खोटा ठरवणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावरही त्याचं नाव होतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषा शिकल्या, त्याने हे करावं!

यावर दोन उत्तरं ऐकू येतात. एक, सगळं फेकून द्या. दोन, कलाकृती वेगळी आणि माणूस वेगळा, गप्प खेळा. मला दोन्ही पटत नाहीत. फेकून दिलं की साच्याबाहेरचं जग कसं रचता येतं याचा एक उत्तम नमुना जातो. गप्प खेळलं की ज्यांच्या आजी-आजोबांना त्या छावण्यांत मारलं गेलं त्यांच्याकडे आपण पाठ फिरवतो. शिवाय कादंबरी लेखकाची असते, पण हा खेळ टेबलाभोवती बसलेल्यांचा असतो. पुस्तक म्हणजे नुसतं ड्रॉइंग, इमारत आपण बांधायची. कोपऱ्यात ढकललेल्या त्या मूळ रहिवाशांच्या बाजूने खेळायला कोण अडवतंय?

म्हणून माझं मत सरळ आहे. टेकुमेल वाचा, खेळा, त्यातून शिका. पण नवीन खेळाडू टेबलावर आला की फासे हातात देण्याआधी बार्करची ही गोष्ट त्याला सांगा, आणि खेळायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. एवढ्या मोठ्या प्राध्यापकाला मी या लेखात 'ते' न म्हणता 'तो' म्हटलंय. संपादकांनी ते दुरुस्त करू नये, ही विनंती.