दोन हिऱ्यांमधला हायड्रोजन

एमएस्सीच्या वर्गात अमोनिया बोरेन शिकवताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, यावर गाडी कधी धावणार?’ या पांढऱ्या भुकटीच्या वजनात 19.6 टक्के हायड्रोजन असतो. शंभरेक अंशांवर तो सुटू लागतो; पण परत भरणं महाकठीण.

2009 मध्ये यू लिन, वेंडी माओ आणि सहकाऱ्यांनी ही भुकटी हायड्रोजनसह दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबली. उपकरण तळहातावर मावणारं. मधल्या धातूच्या चकतीला जेमतेम केस जाईल एवढं भोक, त्यात नमुना आणि माणकाचा कण. लेझर टाकला की माणिक लाल चमकतं आणि त्या प्रकाशाच्या तरंगलांबीवरून दाब कळतो. तो वातावरणाच्या साठ हजार पटींपुढे गेला आणि भुकटीनं आणखी हायड्रोजन सामावून घेतला!

गाडीच्या टाकीचा दाब 700 बार, म्हणजे याच्या जवळपासही नाही. पण रेणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, हे अशा दाबाखालीच उलगडतं. नवे साठवण-पदार्थ या ज्ञानातूनच घडतील. आपल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनच्या 19,744 कोटींपैकी संशोधनाला मात्र 400 कोटी. हा वाटा वाढवा आणि त्यातून विद्यापीठांना उच्चदाबाच्या प्रयोगशाळा द्या.